पेरूवरचे दात

“पिसाळलेलं कुत्रं चावलं, तर माणूस किती दिवस काढतो, महाराज?”

सोमगिरी महाराज मठाच्या ओसरीपुढे एका बैलाचं तोंड तपासत होते. पंचक्रोशीतली जनावरं औषधपाण्याला त्यांच्याकडेच येत. विचारणारा चिंतामण सात वर्षं त्यांच्या हाताखाली शिकला होता. जनावराचे दात बघून तो त्याचं वय नि खाणं अचूक सांगे, आणि त्याचा त्याला ताठाही होता. आज मात्र त्याच्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

“सोड बघू.”

“कुत्रंच होतं. सकाळी, धान्याच्या पेवाजवळ.”

फडकं सुटलं. महाराजांनी जखम उन्हात धरली.

“कुत्र्याचे पुढचे दात कसे?”

हे तर त्याने झोपेतही सांगितलं असतं. “बारीक. हाडावरचं मांस ओरबाडायला. दोन्ही कडांना सुळे, ते खोल रुततात.”

“इथे खोल काय आहे?”

चिंतामणने हात मागे घेतला. “मग घूस असेल. नीट दिसलं नाही.”

“घुशीचे?”

“वर दोन, खाली दोन. पटाशीसारखे. कुरतडायला.”

“आणि शेळीचे?”

“वर पुढचे दात नसतातच. खालच्यांनी पाला तोडते...”

महाराजांनी टोपलीतला पेरू उचलला. एक घास तोडला आणि उरलेला पेरू त्याच्या जखमेशेजारी धरला.

वर एक कमान, खाली एक. रुंद, चपटे, शेजारी शेजारी दात. हातावरही तेच.

“कोण?”

दूर कुठेतरी मेंढरं ओरडत होती. त्यांना वळवणारं कुणी नव्हतं.

“बानू... धनगराची पोर. पेवातलं धान्य चोरून काढत होती. मी धरलं, ओरडू नये म्हणून तोंड दाबलं. चावली. मी ढकललं, ती आत पडली...”

“आणि?”

“वर दगड सरकवला.”

ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. जमिनीखालच्या बंद पेवात दिवादेखील तगत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

महाराजांनी बैलाचा कासरा सोडून खांद्यावर टाकला आणि झपाझप निघाले. चिंतामण मागे धावला.

पेवाशी तो गुडघ्यांवर बसला. दगडाला कान लावला.

आत काहीच हालचाल नव्हती.

दोघांनी दगडाला हात घातला. तो जरासा हलला, आणि चिंतामणचे हात तिथेच थांबले.

“महाराज... ती जिवंत असली, तर सगळं सांगेल.”

महाराजांनी दगडावरचे हात काढले नाहीत.

“देव करो आणि सांगो.”