एकोणऐंशी गुडघे

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून कोल्हापूरच्या नाझनीन मुजावरला चेंडूला पाय लावतानाही धाकधूक वाटायची. तरी ती मोठ्या फुटबॉल क्लबच्या निवड चाचणीला आली आणि झकास खेळली. पण निवड करणारे घोरपडे सर म्हणजे बडं प्रस्थ. गुडघ्यावरचा व्रण बघून त्यांनी यादी मिटली.

"ठिगळ लावलेला टायर मी गाडीला घालत नाही. या गुडघ्याची खात्री कोण देणार?"

नाझनीन म्हणाली, "सर, आम्ही चाळीस जणी, म्हणजे ऐंशी गुडघे. त्यातला हा एकच डॉक्टरांनी उघडून, आत बघून, नीट करून दिलाय. बाकीचे एकोणऐंशी तुम्ही नुसते वरून बघून घेताय."

सरांनी हळूच स्वतःचा गुडघा चाचपला आणि यादी पुन्हा उघडली. नाव लागायच्या आधीच नाझनीनला हायसं वाटलं. तिचं म्हणणं सरांच्या आधी तिच्या स्वतःच्या गुडघ्यालाच पटलं होतं.