मागच्या दारची रांगोळी

एका गावी एक वृद्ध गुरुजी बालमंदिर चालवीत. त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. मनाची निर्मळ, पण बेत आखायला बसली की कुणाचं म्हणून ऐकायची नाही.

त्या बालमंदिरात ओजस नावाचा एक स्वमग्न मुलगा होता. गेल्या वर्षी एका कापडव्यापाऱ्याच्या लेकीच्या वाढदिवसाला फुगे फुटले आणि तो कानांवर हात दाबून किंचाळू लागला. साऱ्या पाहुण्यांच्या देखत आईने त्याला उचलून बाहेर नेलं. तेव्हापासून ती बिचारी कुणाकडे गेली नाही. यंदा लेक हटून बसली, ओजस नसेल तर मी पाटावर बसणार नाही. व्यापाऱ्याने शिष्येला साकडं घातलं.

शिष्येने जिवाचं रान केलं. फुगे नकोत, टाळ्या नकोत, गाणी नकोत, मुलं आठच. ओजसच्या आईकडे तिने चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे ती "बघते" म्हणाली.

वाढदिवसाच्या सकाळी गुरुजी व्यापाऱ्याच्या घरी आले. पुढच्या दाराकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मागच्या अंगणातलं वाळत घातलेलं धुणं स्वतः काढलं, बोळ झाडला आणि उंबऱ्याशी वाकून रांगोळी घातली. म्हाताऱ्याला चळ लागला, असं व्यापारी पुटपुटला. शिष्याही मनातून चिडली. दुपारी ओजसची आई आली, तर गुरुजींनी तिला आधी ते मागचं दार दाखवलं आणि मगच बसायला सांगितलं.

ओजस कोपऱ्यात शांत बसला. लेकीचं औक्षण सुरू झालं, आणि नेमकी शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ओजसने कान झाकले, उठला आणि मागच्या दाराने निघून गेला. आई त्याच्यामागोमाग गेली.

पंगत उठल्यावर शिष्या अंगणात येऊन ढसाढसा रडली. इतकं करूनही पोर दहा मिनिटंसुद्धा टिकलं नाही, त्याला या जगात जागाच नाही, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

गुरुजी म्हणाले, "पोरी, जग गप्प करणं तुझ्या हाती नाही, माझ्याही नाही. आज कुकर वाजला, उद्या आणखी काही वाजेल. पण गेल्या वर्षी त्या माउलीला लोकांच्या नजरा फार बोचल्या. निमूट निघून जाता येईल अशी वाट दिसली, म्हणून ती आज आत बसली. पोर आपल्या पायांनी गेलं आणि कुणी मान वळवून पाहिलं नाही. आपल्याला एवढंच करता आलं."

"पुढच्या वर्षी येतील ते?"

"मला ठाऊक नाही."

खोटा धीर देणं गुरुजींच्या स्वभावात नव्हतं. इतका वेळ आपण आपल्या मोडलेल्या बेतासाठी रडत होतो, हे शिष्येच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली.