दोनशे संगणक आणि पाच मिनिटं

"पण माझा नंबर लागणार तरी कधी, चाचा?"

दस्तगीरचाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.

टेकडीवरच्या त्या केंद्रात दोनशे संगणक एकमेकांना जोडून ठेवलेले होते. सगळ्यांचा मिळून एक महासंगणक. सहा विद्यापीठांतले संशोधक आपापलं काम त्याच्याकडे पाठवत, आणि ते काम रांगेत थांबे. मागितले तेवढे संगणक मोकळे झाले की आत जाई. चाचा एकवीस वर्षं त्या यंत्राची देखभाल करत होते. यंत्राच्या खोलीत थंडी फार, म्हणून ऐन एप्रिलमध्येही त्यांच्या अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मोठी पदवी नव्हती त्यांच्याजवळ. पण भलेभले प्राध्यापक बाहेर चपला काढून त्यांना विचारायला येत.

समिधा खोपकर चपलांसकट आत आली होती.

"नऊ दिवस झाले," ती म्हणाली. "आज मंगळवार. शुक्रवारी समितीपुढे निकाल ठेवायचेत. नाही ठेवले तर विषय बंद करणार आहेत माझा. तीन वर्षांचं काम आहे, चाचा!"

"काय काम?"

"दरडी. आमच्या भागातले एकशेबारा डोंगरउतार. किती पावसात कुठला सुटेल, ते काढायचंय."

"हं… आणि मागितलंस किती?"

"दोनशे संगणक. तीन दिवस."

चाचा तिच्याकडे पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मलासुद्धा बाहेर जाऊन बसायला हवं."

समिधाला हसू आलं नाही. "कमी पडायला नकोत म्हणून मागितले. माझं काम मोठं आहे."

"असेल की."

"आणि काल आलेल्या त्या वनस्पतिशास्त्राच्या बाई! त्यांचं काम अर्ध्या तासात आत गेलं. हे कसं चालतं तुमच्याकडे?"

"त्यांनी एक संगणक मागितला. वीस मिनिटं."

"म्हणून त्या पुढे?"

"दोन मोठ्या कामांच्या मध्ये फट पडते, बेटा. त्यांचं त्या फटीत मावलं."

समिधानं ओठ घट्ट मिटले.

चाचांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली, कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

"बस. एक उतार घे. एक संगणक माग. पाच मिनिटं."

"पाच मिनिटांत काय होणार? माझ्या लॅपटॉपवर एका उताराला दोन दिवस लागतात!"

"काही नको व्हायला. नुसतं सुरू होऊ दे."

तिचे कान लाल झाले. पलीकडे दोन विद्यार्थी बसले होते. त्यांनी पाहिलं तर काय म्हणतील? पहिल्या वर्षाच्या मुलांना देतात असलं काम. तीन वर्षं दरडींवर घालवलेल्या बाईला?

पण शुक्रवार जवळ आला होता. तिनं मान खाली घालून पाच मिनिटांचं काम लिहिलं आणि पाठवलं.

ते लगेच आत गेलं. आणि लगेच बाहेर आलं.

पडद्यावर एकच ओळ होती. फाइल सापडली नाही.

समिधानं ती ओळ वाचली. मग आपला प्रोग्राम उघडून पाहिला. मग कपाळावर हातच मारून घेतला.

पावसाच्या नोंदी कुठून उचलायच्या, तो पत्ता तिनं प्रोग्राममध्ये लिहून ठेवला होता. पत्ता तिच्याच लॅपटॉपचा होता. डेस्कटॉपवरच्या 'नवीन फोल्डर तीन'चा. या यंत्राला तिचा डेस्कटॉप कुठून दिसणार?

"चाचा… म्हणजे माझा नंबर लागला असता तर?"

"एका सेकंदात बाहेर."

"आणि मग?"

"मग पुन्हा रांगेत. शेवटी."

नऊ दिवस ती त्या रांगेला शिव्या देत होती. आईला फोनवर सांगताना रडली होती. आणि रोज सकाळी देवापुढे हात जोडून मागत होती ते एवढंच, की आज तरी नंबर लागू दे.

"बाई गं…" ती म्हणाली. "बरं झालं नाही लागला!"

आणि ती हसायलाच लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं ओढणीनं पुसलं. छातीवरचा नऊ दिवसांचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. पलीकडच्या विद्यार्थ्यांनी वळून पाहिलं. पाहू देत, तिला वाटलं.

चाचा चहा सांगायला बाहेर गेले. परत आले तेव्हा तिनं पत्ता दुरुस्त केला होता. पुन्हा पाच मिनिटांचं काम पाठवलं. या वेळी ते चाललं. पडद्यावर आकडे सरकू लागले, आणि चहा निवून गेला तरी ती ते बघत बसली.

"एक उतार तासाभरात होईल, चाचा. एका संगणकावर!"

"तुझे उतार एकमेकांना काही विचारतात का?"

"नाही. प्रत्येकाचा हिशेब वेगळा."

"मग सगळ्यांना एकाच दोरीनं कशाला बांधलंस?"

तिनं चाचांकडे पाहिलं. मग दोनशे संगणकांची ती मागणी रांगेतून स्वतःच काढून टाकली. एका मोठ्या कामाची एकशेबारा लहान कामं केली आणि पाठवून दिली. जिथं फट मिळेल तिथं ती कामं शिरत गेली. सात इथं, चार तिथं, एक भलत्याच कोपऱ्यात. बुधवारी दुपारी शेवटचा उतार हाती आला. शुक्रवारी समितीनं तासभर प्रश्न विचारले आणि विषय चालू ठेवला.

शनिवारी ती पेढे घेऊन आली. चाचांनी एक तोंडात टाकला, एक खिशात ठेवला.

"चाचा, माझ्या प्रोग्राममध्ये चूक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग?"

"मोठं काम आत सोडण्याआधी मी सगळ्यांना तेच सांगतो."

समिधानं पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "आता अख्खी घाट-रांग एकत्र करायची आहे. यातले उतार एकमेकांना धरून आहेत, तोडता येत नाहीत. हिशेब करून पाहिलाय. या वेळी खरंच दोनशे संगणक लागतील. मागू का?"

चाचांनी चष्मा पुसला.

"आधी पाच मिनिटांचं काम पाठवायची आज लाज वाटेल?"

"नाही, चाचा."

"मग माग."