विसाजी पारख्याने न उलटलेला खडा

माझी धाकटी तापाने फणफणली होती, तेव्हा मी बोलले होते, देवा, पोर उठू दे, दर शनिवारी एकाला तरी विसाजी पारख्याची गोष्ट सांगेन. पोर उठली. आज तुम्ही भेटलात, तर ऐका.

फार वर्षांपूर्वी वेळशेत बंदरात विसाजी राहायचा. सिंहलद्वीपाहून गलबतं यायची, त्यांतले बिनपैलू नीलम त्याच्या ओट्यावर यायचे. तो खडा उजेडात धरी, पाण्यात बुडवी, उलटासुलटा करी आणि मग मोल सांगे. त्याचा शब्द खाली पडत नसे.

एकदा कोंडाई खारवीण आली. नवरा समुद्राने नेलेला. "नीलम आहे, पोरीच्या लग्नाला जप," म्हणून खडा देऊन गेला होता. ओट्यावर माणसं जमलेली. विसाजीने एकच बाजू पाहिली आणि हसला, "कोंडाई, ही तर गारगोटी गं! तुझ्या घोवाने ताडीच्या घोटाच्या बदल्यात घेतली असणार."

सगळे हसले.

"मेलेल्या माणसाला हसता होय, पारखीदादा?" एवढंच ती म्हणाली आणि खडा तिथंच टाकून गेली.

दुसऱ्या सकाळी विसाजीच्या बायकोने तो उचलून तुळशीपुढच्या पाण्याच्या वाटीत टाकला. खडा उलटा पडला, आणि असं म्हणतात, वाटीभर पाणी निळं झालं.

"अहो, हे बघा!"

खड्याच्या तळाशी तिळाएवढा गडद थेंब होता. तो थेंब खाली ठेवून पैलू पाडले की अख्खा खडा निळा दिसतो. विसाजीला हे ठाऊक होतं. त्याने खडा उलटलाच नव्हता. त्याची मान वर होईना.

बायको हळूच म्हणाली, "अजून कुणाला कळलेलं नाही."

"मला कळलंय ना."

पागोटं काढून, खडा तळहातावर धरून तो निघाला. काल हसलेल्यांच्या दारोदार जाऊन खडा उलटून दाखवू लागला. एकाने टोमणा मारला,

"काय पारखी, डोळे घरी विसरलात?"

"काल विसरलो होतो. खडा खोटा नव्हता, मी खोटा."

असं म्हणतात, दर दारी खड्याचा रंग गडद होत गेला.

शेवटी तो कोंडाईच्या दारी आला. तिने खड्यासाठी हात पुढे केला नाही. "मला काय सांगता? ज्याला हसलात त्याला सांगा."

विसाजी समुद्रात गळ्याएवढ्या पाण्यात शिरला आणि रडत ओरडला, "दादा, मी चुकलो!" असं म्हणतात, भरती ऐकायला थांबली. मग कोंडाईने खडा घेतला.

वेळशेतात आजही कुणाला चारचौघांत लागेलसं बोललं, तर बोलणारा त्याच जागी, त्याच माणसांपुढे, बोडक्या डोक्याने उभा राहून विसाजीचं नाव घेतो आणि आपला शब्द मागे घेतो. कोपऱ्यात मागितलेली क्षमा तिथं धरत नाहीत.

तुमच्याही तोंडून कधी असं गेलं असेल. लाज वाटते, पाऊल उचलत नाही, खरं आहे. तरी जा. तो माणूस गेला असेल, तर त्याच्या माणसांकडे जा. पण जा.