डॅशबोर्डवरचा ठसा

"पण तुम्ही तिथं हात टेकवलातच कशाला?"

निवासचा आवाज चढला होता. गुरूशी असं बोलू नये हे त्याला कळत होतं, पण कळून उपयोग नव्हता.

अक्का शेडच्या सावलीत बसून शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"वळण आलं. तोल गेला. टेकवला."

"आणि आता खाली काय चाललंय, बघितलंत?"

"दिसतंय की इथनं."

दिसत होतंच. मठाच्या पायरीशी गाडी उभी होती. पुढचं डावं दार सताड उघडं, आणि दारापुढं माणसांची रांग. आत डॅशबोर्डवर अक्कांच्या हाताचा ठसा. पाची बोटं, तळवा, तळव्यावरच्या रेषासुद्धा. त्याला कुणी हळदकुंकू लावलं होतं, कुणी झेंडू वाहिला होता. एकानं तर हवेच्या जाळीत उदबत्ती खोचली होती.

निवास इंगवले तालुक्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. गुरू करणाऱ्यांतला तो नव्हताच. डोंगरउतारावरच्या या दोन खोल्यांच्या मठात तो येऊ लागला तो एकाच कारणानं. इथं अंगारा नव्हता, गंडादोरा नव्हता. कुणी नवस बोलायला आलं, तर अक्का त्याच्या हातात झाडू देऊन अंगण झाडायला लावायच्या. स्टाफरूममध्ये निवास ते अभिमानानं सांगायचा. आमच्या अक्का वेगळ्या आहेत, म्हणायचा.

मठाची गाडी जुनी, कुणीतरी दिलेली. उन्हानं आतलं प्लॅस्टिक पांढरट पडलं होतं, दारांच्या आतल्या बाजू हाताला चिकट लागायच्या. गॅरेजवाला म्हणाला, राहू द्या, याला काही होत नाही. निवास म्हणाला, मी करतो, घरीच करतो.

आणि केलंही त्यानं. डॅशबोर्डसकट सुटतील ते सगळे भाग स्क्रू काढून घरी नेले, गच्चीवर मांडले. साबणाच्या पाण्यानं धुतले, बारीक पॉलिशपेपरनं घासले, स्पिरिटनं पुसले. आधी प्रायमर, मग काळ्या स्प्रेचे हलके हलके हात. धूळ उडू नये म्हणून बायकोला गच्चीवर कपडे वाळत घालायला बंदी. भाग पुन्हा बसवले तेव्हा लोक म्हणाले, गाडी आत्ताच शोरूममधून आणली काय? निवास त्या दिवशी गाडीभोवती उगाचच फिरत होता.

अन् त्याच दिवशी त्या रंगावर हा ठसा उठला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मठाशेजारचे हिंदुराव गाडी पुसायला गेले आणि ओरडतच परत आले. दुपारपर्यंत वरच्या वाडीतली माणसंसुद्धा खाली उतरली.

"अक्का, तुम्ही एकदा तरी बोला. एवढंच म्हणा, की रंग ओला होता."

"तू सांग."

"सांगितलं! हिंदुराव काय म्हणाले माहितीये? म्हणाले, रंग ओला असंल, पण हात कुणाचा हुता?"

अक्का हसल्या.

त्या हसण्यानं निवासच्या अंगाचा भडका उडाला. तो काही बोलणार, तेवढ्यात खाली रांग बाजूला झाली.

वरच्या वाडीची उज्ज्वला आली होती. खांद्यावर तीनेक वर्षांची पोर, मान टाकलेली. उज्ज्वला दारातून आत वाकली आणि पोरीचं कपाळ तिनं ठशाला टेकवलं.

निवास पायऱ्या उतरून धावला. त्यानं पोरीच्या पाठीला हात लावला आणि झटकन मागं घेतला. अंग भाजत होतं. बरगड्या आत ओढल्या जात होत्या.

"अहो, हिला दवाखान्यात न्या!"

"आत्याबाई म्हणाल्या, आधी हितं टेकवून आण."

"आधी? ताप कधीपासून आहे?"

उज्ज्वलानं पोरीचं कपाळ पुन्हा ठशाला टेकवलं.

"बाई, हा रंग आहे! डब्यातला रंग! मी मारलाय तो, माझ्या घरी, गच्चीवर!"

उज्ज्वलानं पोरीवर पदर ओढून घेतला. निवासनं हात उगारला असावा तशी ती मागं सरली.

"दवाखान्यात न्हाई जायाची मी. माझा थोरला तिथंच गेला."

पोरीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

अक्का उठल्या. मांडीवरची टरफलं खाली सांडली. त्या सावकाश पायऱ्या उतरून गाडीपाशी आल्या.

"उज्ज्वला, पुढं बस. पोरीला मांडीवर घे. त्या ठशावर हात ठेव, आणि गाडी थांबंपर्यंत काढू नको."

"कुठं जायाचं, अक्का?"

"मी आहे मागं. बस."

ती बसली. अक्का मागच्या दारानं आत शिरल्या आणि निवासला म्हणाल्या,

"चालव."

तो सगळा घाट निवास दात आवळून उतरला. दर वळणाला त्याला डोळ्याच्या कडेनं तो हात दिसत होता. हिरव्या बांगड्यांचा, कुंकवानं माखलेला, त्याच्या रंगावर घट्ट दाबून धरलेला. त्याला त्या हाताची चीड येत होती, आणि चीड येतेय याची लाज वाटत होती.

तालुक्याच्या दवाखान्यात पोरीला लगेच आत घेतलं. ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाल्या. उद्यापर्यंत थांबला असतात तर... त्या पुन्हा आत वळल्या.

उज्ज्वला आत खाटेपाशी बसली. बाहेरच्या बाकावर अक्का, आणि त्यांच्यासमोर उभा निवास.

"याला काय म्हणायचं, अक्का? तुम्ही स्वतः तिला खोट्यावर हात ठेवायला लावलात."

"पोर कुठाय?"

"आत आहे. पण उद्या गाव काय म्हणणार? हातानं वाचवलं म्हणणार. डॉक्टरचं नाव कुणी घेणार नाही! आणि पुढच्या वेळी कुणी दवाखान्यापर्यंत येणारसुद्धा नाही, गाडीपाशीच थांबेल. मग? तुम्ही वर बसून बघत राहणार? याच्यासाठी आलो होतो मी तुमच्याकडं? खोटं ते खोटंच!"

"कुठलं खोटं?"

"त्या ठशाचं!"

"ठसा खराय. हात माझाच आहे."

"हो, पण रंग ओला होता..."

"ते मला कुठं ठाऊक होतं?"

अक्का शांतपणे त्याच्याकडं बघत होत्या.

"गाडीत बसताना मी तुला विचारलं होतं."

...

विचारलं होतं. शेजारच्या गावात मयत झाली होती, अक्कांना तातडीनं निघायचं होतं. रंग वरून कोरडा लागत होता, पण आतून पक्का झालेला नाही, हे निवासला माहीत होतं. स्प्रेच्या डब्यावरही तसं लिहिलं होतं. पण गाडीभोवती माणसं उभी होती, दारांवरून हात फिरवत होती, कौतुक करत होती. अक्कांनी विचारलं, "वाळलाय का रे?" आणि तो म्हणाला होता, "कधीच!"

निवास बाकावर बसला. राग होता तेवढाच होता. आता तो कुणावर काढायचा, ते कळेना.

पोरीनं डोळे उघडल्याची बातमी सकाळी निवास अक्कांना घेऊन परतण्याआधीच मठात पोचली होती. कालच्या दुप्पट माणसं जमली होती. नारळ आले होते.

निवास गाडीच्या दारात आडवा उभा राहिला.

"ऐका! पोरीला डॉक्टरांनी वाचवलं. औषधानं वाचवलं. इथं जे दिसतंय तो ओला रंग आहे, बाकी काही नाही."

"ओला असंल, पण..." हिंदुराव म्हणाले.

"थांबा, माझं व्हायचंय अजून. ओला आहे हे मला माहीत होतं. अक्कांनी विचारलं, तेव्हा मी वाळलाय म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं. तुम्ही सगळे वाहवा करत होता, म्हणून."

कुणीतरी हातातला नारळ खाली ठेवला.

निवासनं उदबत्ती काढली, फुलं गोळा करून पायरीवर ठेवली, हळदकुंकू एका पानात झाडून घेतलं. खिशातून पॉलिशपेपर काढला आणि घासायला लागला. अडवायला कुणी आलं नाही. आधी तळवा गेला, मग एकेक बोट. त्याला घाम फुटला. तो कालचा सगळा संताप त्या प्लॅस्टिकवर काढत होता. शेवटी काळ्याच्या मधोमध एक करडा, ओबडधोबड डाग उरला.

तो वळला. हिंदुराव गुडघ्यावर बसून खाली पडलेली काळी पूड रुमालात टिपत होते.

"काय करताय?"

"असू द्या वाईच. घरात ठिवतो."

"रंगाची पूड आहे ती! पोराबाळांच्या पोटात गेली तर विष आहे!"

त्यानं रुमाल हिसकून घेतला, लांब जाऊन झटकला. हिंदुराव रागावले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मास्तर, आमचं वय झालं," ते म्हणाले. "पर चारचौघांत उभं ऱ्हाऊन आपलं खोटं आपल्या तोंडानं सांगणारा माणूस आजपातूर बघितला नव्हता."

आणि त्यांनी वाकून निवासच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अहो, काय हे! उठा! उठा म्हणतो ना!"

त्यांच्यामागं आणखी एक जण वाकला. मग एक बाई. तिनं पायरीवरच्या पानातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि निवासला कळायच्या आत त्याच्या पायाच्या अंगठ्याला लावलं.

निवास मागं सरत सरत गाडीला जाऊन थडकला. मग माणसं सारत, ओरडत, तो पायऱ्या चढून शेडपाशी आला. चपला खालीच राहिल्या होत्या.

"अक्का! बघितलंत? खोटं बोललो तरी पूजा, खरं बोललो तरी पूजाच! यांना काय म्हणायचं? आता माझ्या... माझ्या पायांना... सांगा, मी करू तरी काय?"

त्याला धाप लागली होती. खालची माणसं पायऱ्या चढून वर येऊ लागली होती.

अक्कांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मग खाली त्याच्या पायांकडं पाहिलं.

"पाय धुऊन आत ये."