राणी मंदारवती आणि प्रसादाचे तांदूळ

एका राज्यात मरणाची वाट उलटी झाली होती. म्हातारे तसेच राहत आणि लेकरं जात. राजा वज्रसेनाने ऐंशी पार केली होती, तरी मिशीत पांढरा केस नव्हता. राणी मंदारवतीची पाठ अजून ताठ होती. आणि त्यांची सून शीलवती, हिचा पाळणा तिसऱ्यांदा रिकामा झाला होता.

तिसऱ्या नातवाला पुरायला राणी स्वतः नदीकाठी गेली. बायकांनी तिथे जायची रीत नव्हती, पण तिला अडवायचा धीर कुणाला झाला नाही. काठभर चिमुकले मातीचे उंचवटे होते, एकाला एक खेटून. पलीकडच्या थोरांच्या स्मशानात गुडघाभर गवत माजलं होतं.

एक टिटवी ताज्या मातीवर उतरली आणि म्हणाली, "राणी, तू रडतेस, पण विचारत नाहीस."

"काय विचारू?"

"कोण गेलं? पुढे कोण उरेल? आणि या लेकरांचं न जगलेलं आयुष्य कुठे जातं? तिन्ही उत्तरं शोध."

राणीने भर दरबारात विचारलं. प्रधान म्हणाला, "महाराणी, थोरल्या महाराजांच्या काळी वर्षाला जेवढी माणसं जात, तेवढीच आजही जातात. राज्य क्षेमकुशल आहे."

"पण जातात कोण?"

प्रधानाने राजाकडे पाहिलं. राजाने मान वळवली.

मग राणीने रथ जोडला आणि गावोगाव फिरली. प्रत्येक चावडीपुढे ती लोकांना सांगे, "घरातलं जे गेलं, त्याच्या नावाचा एक खडा ठेवा. पाळण्यातलं असेल तर इथे. लग्नाच्या वयाचं असेल तर तिथे. काठी टेकणारं असेल तर पलीकडे." बाया पदरातून खडे आणत. पाळण्याचा ढीग कमरेएवढा होई. लग्नाच्या वयाचे खडे ओंजळीत मावत. काठीची जागा कोरी राही. प्रधान खोटं बोलला नव्हता. त्याने सगळे खडे एकाच ढिगात मोजले होते.

पहिलं उत्तर मिळालं. दुसऱ्यासाठी टिटवीने तिला रानातल्या बारवेपाशी नेलं. बारवेला तीन टप्पे होते. पहिल्या टप्प्यावरून राणीने पाण्यात पाहिलं: आजच्या पोरी मोठ्या झालेल्या, पण मांडवात नवऱ्या थोड्याच. दुसऱ्या टप्प्यावर त्या थोड्या पोरींची लेकरं दिसली, अख्ख्या गावात एकच पाळणा. तिसऱ्या टप्प्यावर पाळणाच नव्हता. शेतांत रान शिरलं होतं. ओट्या-ओट्यांवर काळ्याभोर केसांचे म्हातारे बसले होते, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. त्यांत राणी स्वतःही होती.

ती पायऱ्या चढून वर आली.

"हे होणारच का?" तिने विचारलं.

"आज जसं चाललंय तसंच चाललं, तर," टिटवी म्हणाली.

तिसरं उत्तर, टिटवीने सांगितलं, राजवाड्याच्याच तळघरात होतं. तिथे कालभद्र मांत्रिकाचं कोठार होतं. राणी उभी होती, तोच कुठल्याशा गावात एक मूल गेलं, आणि छतातून पांढऱ्या तांदळांची धार लागली. वास तिच्या ओळखीचा होता. दर पौर्णिमेला पन्नाशी उलटलेल्या प्रत्येकाला राजा जो प्रसाद वाटे, तो हाच. तीही तो भक्तीने खात आली होती.

कालभद्र म्हणाला, "महाराजांनी मागितलं, माझ्या राज्यात म्हाताऱ्यांना मरण नको. मी म्हटलं, आयुष्य नवं घडत नाही, इकडचं तिकडे नेता येतं. इकडचं म्हणजे कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही."

"हे थांबेल कसं?"

"ज्यांनी खाल्लं, त्यांनी आपण होऊन सोडलं तर. पण सोडतो कोण?"

राणी राजाकडे गेली आणि पाहिलेलं सारं सांगितलं. राजा म्हणाला, "माझी आई तडफडून गेली, राणी. तसं कुणाला बघायला लागू नये, एवढंच मागितलं होतं."

"शीलवतीने तीनदा बघितलं."

पौर्णिमेला प्रसादासाठी सारे म्हातारे जमले. राणीने काही न लपवता सांगितलं. एका विणकराने मुठीतले तांदूळ निरखले.

"म्हणजे मी माझी नात खाल्ली?"

त्याने मूठ उघडली. "माझं झालं," तो म्हणाला. दाणे मातीत पडले, त्याचे केस पांढरे झाले, तो खाली बसला आणि गेला. मग दुसरा उठला. मग एक म्हातारी. काहीजण तांदूळ पदरात बांधून पळाले. पण घरी नातवंडांसमोर बसवेना, तेव्हा संध्याकाळी तेही परत आले. सगळ्यांच्या शेवटी राजा वज्रसेन पायऱ्या उतरला. त्याची मूठ उघडायला फार वेळ लागला. राणीने हात लावला नाही. ती त्यानेच उघडायची होती.

"माझं झालं," राजा म्हणाला आणि गेला.

त्या क्षणी कोठारात कालभद्राचा कोंडा झाला आणि उडून गेला.

राणीने आपली मूठ राजाच्या आधीच सोडली होती. तिच्या स्वतःच्या वाट्याचं थोडं आयुष्य उरलं होतं. पांढऱ्या केसांनी, वाकल्या पाठीने ती तेवढं जगली. पुरलेली लेकरं परत आली नाहीत. शीलवतीला पुढे मुलगी झाली. तिला ताप आला की सगळा राजवाडा श्वास रोखून बसे, आणि ताप उतरे. ती वाढली, नांदली, राज्य तिने सांभाळलं. मग ती म्हातारी झाली, आणि एके दिवशी मेली. तिला तिच्या लेकींनी पोचवलं.