रंभाजीरावाच्या ताटातून उडालेला भात

एकदा काय झालं, सोनतळं नावाच्या नगरीत तापाची साथ आली. राजानं दवंडी पिटवली, "बाजार बंद! कुणी घराबाहेर पडायचं नाही!" साथ हटवायला ते बरोबरच होतं, बरं का. पण बाजार बंद झाला आणि हातावर पोट असलेल्यांच्या चुली विझल्या.

त्या नगरीत भिवरा नावाची कासारीण होती. दारोदार फिरून बायकांना बांगड्या भरायची. आता दार कोण उघडणार? तिच्या शेजारी गोदाक्का राहायची, टोपल्या विणणारी म्हातारी. दोघी मिळून एक भाकरी खायच्या. मग अर्धी. मग नुसतं पाण्यात पीठ कालवून प्यायच्या.

आणि राजाचं कोठार? धान्यानं शिगोशीग भरलेलं! राजा म्हणाला, "उघडा, घरोघर वाटा." पण दरबारात उजवीकडचे सरदार आणि डावीकडचे सरदार, दोघांनीही हात वर केले तरच कोठार उघडायचं, असा कायदा होता. उजवीकडच्यांनी लगेच हात वर केले. डावीकडच्यांचा पुढारी रंभाजीराव. तो आपल्या माणसांना म्हणाला, "धान्य वाटलं की लोक उजवीकडच्यांचा जयजयकार करतील. मग आपल्याला कोण विचारणार? हात खाली!"

ऐकलंत? माणसं उपाशी, आणि याला जयजयकाराची पडलेली!

फिर्याद घेऊन येणाऱ्याला तेवढी बाहेर पडायची मुभा होती. म्हणून भिवरा तोंडाला पदर बांधून रोज दरबाराच्या दाराशी उभी राहायची.

पहिल्या दिवशी रंभाजीराव म्हणाला, "धान्यवाटपाच्या कागदावर 'घरोघर' का लिहिलंय? 'घरोघरी' का नाही?" त्या एका वेलांटीवर वाद घालता घालता सूर्य मावळला. दरबार उठला.

दुसऱ्या दिवशी तो आपली सगळी माणसं घेऊन निघूनच गेला. डावी बाजू रिकामी. हात कोण वर करणार?

तिसऱ्या दिवशी तो बोलायला उभा राहिला आणि आजोबांच्या घोड्याची गोष्ट सांगू लागला. घोड्याचा रंग सांगितला, खोगीर सांगितलं, घोड्याचं सासर-माहेर सांगितलं! संध्याकाळ झाली तरी घोडा काही संपेना.

भिवरा घरी आली. तिनं गोदाक्काला हाक मारली. गोदाक्का बोलली नाही. अर्धवट विणलेली टोपली तशीच मांडीवर. म्हातारी गेली होती. तापानं नाही रे बाळांनो. भुकेनं.

भिवराला रडूसुद्धा येईना, असा राग आला. चौथ्या दिवशी ती थेट दरबाराच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

"रंभाजीराव, माझ्या गोदाक्कानं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"बाई, हे राजकारण आहे. तुला नाही कळायचं."

"भूक कळते मला! ज्यानं तिचा घास अडवला, त्याच्या ताटात अन्न थांबायचं नाही!" आणि तिनं हात जमिनीवर असा आपटला की बांगड्या खळकन फुटल्या.

रंभाजीराव हसत हसत घरी गेला आणि जेवायला बसला. भाताला हात लावला, तर काय! शिताशिताला पंख फुटले. पांढऱ्या चिमण्या झाल्या आणि भुर्रकन खिडकीतून गेल्या. पोळी वाढली, ती चाकासारखी गडगडत दाराबाहेर. खिरीनं तर नुसती धार धरली आणि उंबऱ्याखालून पसार! आणि कुठं गेलं सगळं? भिवराच्या गल्लीत. रिकाम्या ताटांत जाऊन बसलं आणि पुन्हा गरम गरम भात, पोळी, खीर झालं.

मग रंभाजीराव पहिल्या दिवशी ओरडला. दुसऱ्या दिवशी रडला. तिसऱ्या दिवशी चौघांनी धरून त्याला दरबारात आणलं, आणि त्यानं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मागोमाग सगळी डावी बाजू. कोठार उघडलं, धान्याच्या गाड्या घरोघर गेल्या.

आणि निलाजरा कसा बघा, गल्लीत येऊन म्हणतो, "हे धान्य मी दिलं!"

भिवरा म्हणाली, "दिलंत ना? मग एक पोतं गोदाक्काच्याही दारात ठेवा. ती घ्यायला येते का बघू."

त्याची मान खाली गेली. गल्लीतून जाईपर्यंत वर आली नाही.

पुढे साथ गेली, बाजार उघडला, भिवरा पुन्हा बांगड्या भरायला निघाली, आणि सोनतळ्याची माणसं पोटभर जेवून सुखानं राहू लागली. तुमचीही पोटं भरली आहेत ना? मग घ्या पांघरूण, आणि मिटा बघू डोळे.